काचेच्या राजकन्येचा उसासा

रिम्मा कोल्तिरिनाने आयुष्यात एकच गोष्ट अशी केली, जी व्होल्गाकाठच्या आमच्या शहरात दुसऱ्या कुणालाही तिच्याइतकी जमली नाही. ती म्हणजे थांबणं.

‘काचेची राजकन्या’ हा आमच्या थिएटरचा जुना बॅले. त्याच्या दुसऱ्या अंकात राजकन्या एका पायाच्या टोकावर उभी राहून गिरक्या घेऊ लागते. एक, दोन, तीन, चार, आणि चौथीनंतर एकदम थबकते. डावा हात कमरेशी जातो, मान विंगेकडे वळते, छाती एकदा भरून येते आणि खाली बसते. मग ती सावकाश चालत कोपऱ्यात जाते आणि तिथून पुढचं नृत्य सुरू होतं. शहरात याला ‘उसासा’ म्हणतात. रिम्माने तो सोळा वर्षं टाकला. बाल्कनीतल्या बायका अर्धा मिनिट आधीच पर्समधून रुमाल काढून तयार बसत, आणि रिम्मालाही ते रुमाल खालून दिसत.

बाकीची कारकीर्द म्हणाल तर सांगण्यासारखी नाही, आणि रिम्मा ती हौसेने सांगते. तिघींतली मधली, राणीची दुसरी मैत्रीण, डावीकडून चौथी जलपरी. एका बॅलेत तर ती अख्खा अंकभर कारंजं होती. पाय घसरला की ती रंगमंचाच्या उताराला बोल लावायची. नाचता येईना अंगण वाकडं असं कुणी पुटपुटलंच, तर तिचं उत्तर तयार असे: आमचं अंगण खरंच वाकडं आहे, प्रेक्षकांच्या बाजूला उतरतं, हवं तर मोजून बघा.

पण उसासा म्हणजे उसासा. तो अग्निया ल्वोव्हनांचा. त्या साठच्या दशकात राजकन्या करायच्या, आणि त्यांच्यावरच्या परीक्षणाचं पिवळं पडलेलं कात्रण अजून थिएटरच्या जिन्यापाशी चौकटीत लावलेलं आहे: ‘त्या एका उसाशात सगळी राजकन्या होती.’ मधे पंचवीस वर्षं तो बॅले बंद होता. पुन्हा बसवायचा ठरला तेव्हा अग्निया ल्वोव्हनांनी तो बावीस वर्षांच्या रिम्माला शिकवला. नृत्य वहीत उतरत नाही, ते पायांतून पायांत जातं, असं आमच्याकडे म्हणतात. ते एका पायातून निघालं आणि दुसऱ्यात पोचेपर्यंत वाटेत काय काय झालं, हे कुणी विचारत नाही.

रिम्माने तर त्या उसाशावर शहराच्या वाचनालयात व्याख्यानसुद्धा दिलं होतं. विषय होता ‘काचेला तडा जाण्याआधीचा क्षण’. पाऊण तास बोलली. अकरा माणसं होती, त्यांतली दोन बाहेर थंडी फार होती म्हणून आली होती.

अडतिसाव्या वर्षी नर्तकांच्या नियमाप्रमाणे पेन्शन झाली. निरोपाचा प्रयोग मंगळवारी दुपारी, कारण शनिवार दुसऱ्या कुणाला दिला होता. प्रेक्षागृहात तीन शाळा होत्या आणि उसाशाच्या वेळी मागून कुणीतरी मोठ्याने विचारलं, “विसरली का हो ती?” शेवटी संचालकांनी रंगमंचावर येऊन तिला फुलं दिली. बारा. आमच्याकडे सम संख्येने फुलं फक्त मढ्याला वाहतात. कपडेपटवालीने विंगेतून मोजली, पडदा पडताच धावत आली आणि एक उपटून स्वतःच्या केसांत खोवलं. “आता अकरा झाली, रिम्मोच्का,” ती म्हणाली, “आता तू जिवंत आहेस.” रिम्मा तरीही रडली. दुसऱ्या सकाळी ती अंगणापलीकडच्या नृत्यशाळेत शिक्षिका म्हणून हजर झाली आणि एका दिवसात रिम्मोच्काची रिम्मा गेर्मानोव्हना झाली. बापाचं नाव लागलं की म्हातारपण आलं, हे तिला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

शिकवणं सोपं असतं अशी तिची समजूत होती. आपण करायचं, मुलींनी बघायचं. त्याप्रमाणे ती रोज आरशासमोर उभी राही आणि अख्खा तास स्वतःच नाची. मुली भिंतीलगतच्या दांड्याला टेकून कौतुकाने बघत. तासाला पियानो वाजवणारे मार्क सोलोमोनोविच तिला थिएटरच्या तालमींपासून ओळखत होते आणि त्यांच्या जिभेला कधी हाड नव्हतं.

“रिम्मा गेर्मानोव्हना,” महिन्याभराने ते म्हणाले, “तुमची प्रगती छान आहे. मुलींनाही मधूनमधून आरशात जागा द्या.”

दुसऱ्या वर्षी तिच्याकडे शेवटच्या वर्गातली उस्तिन्या आली. कामिशिन गावची पोर, लांब हात, तांबडे कान, बोलणं बेताचं. तिची आई खारवलेल्या कलिंगडांच्या बरण्या भरायची आणि दर महिन्याला एक बरणी शाळेत पाठवायची, त्यामुळे शिक्षकांच्या खोलीत उस्तिन्याबद्दल सर्वांचं मत चांगलं होतं. थिएटर या वर्षी शाळेतून एकच मुलगी घेणार होतं. अंतिम परीक्षेत जिला पाचपैकी पाच मिळतील, ती. बाकीच्यांनी आपापलं बघायचं, म्हणजे उस्तिन्याने कामिशिनला जाऊन बरण्या भरायच्या. परीक्षेला तिला ‘काचेची राजकन्या’मधलं तेच नृत्य दिलं होतं.

“एक, दोन, तीन, चार आणि थांब,” रिम्मा म्हणाली.

उस्तिन्या चौथीला थांबली नाही. पाचवी निम्मी घेऊन भेलकांडली आणि दांड्यावर आदळली.

“थांब म्हटलं ना?”

“थांबताच येत नाहीये, बाई. पाय पुढे निघतो.”

“गिरकी गाढवालाही घेता येते. थांबणं ही कला आहे. पुन्हा.”

पुन्हा तेच. दहा वेळा तेच. शेवटी उस्तिन्याने कपाळ पुसलं आणि खाली बघत म्हणाली, “बाई, एक विचारू? संगीत तिथे थांबत नाही ना. मग आपण का थांबतो?”

“संगीताला काय कळतंय.”

मार्क सोलोमोनोविचांनी पियानोवरून मान वर केली. “मी सोळा वर्षं त्या जागी दोन ठोके हवेत धरून बसलोय. हात भरून येतात. पोरगी चूक बोलत नाहीये.”

“तुम्ही वाजवा,” रिम्मा म्हणाली. मग उस्तिन्याकडे वळून म्हणाली, “आणि तू ऐक. शुक्रवारपर्यंत उसासा जमला नाही तर हे नृत्य काढून घेईन. एखादं साधं देईन. उत्तीर्ण होशील.”

उत्तीर्ण म्हणजे तीन. तिघांनाही ते माहीत होतं. उस्तिन्याचे कान आणखी तांबडे झाले.

रिम्मा दुष्ट नव्हती. तिला मनापासून वाटत होतं की पोरीला अर्थच कळलेला नाही. म्हणून त्याच संध्याकाळी ती अग्निया ल्वोव्हनांकडे गेली. चौथा मजला, लिफ्ट बंद. म्हातारी टेबलाशी बसून एकटीच पत्ते लावत होती.

“पाय कसे आहेत?” रिम्माने विचारलं.

“त्यांना त्र्याऐंशी वर्षं झालीत. बाकी काही नाही. चहा ओत.”

रिम्माने चहा ओतला, जामची वाटी पुढे घेतली आणि विषय काढला. “अग्निया ल्वोव्हना, तुम्ही एकदा शाळेत या. त्या पोरीला उसाशाचा अर्थ सांगा. माझं ऐकत नाही.”

“कसला अर्थ?”

“तो काचेला तडा जाण्याआधीचा क्षण…”

“हे कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. मीच. व्याख्यान दिलं होतं मी.”

म्हातारीने पत्ते खाली ठेवले आणि हसायला लागली. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. “अगं बये, हुक तुटला होता माझा. झग्याचा हुक. चौथ्या गिरकीला टच्‌ झालं आणि झगा निघाला खाली. मी हाताने धरला आणि विंगेत बघितलं, की ती कपडेपटवाली कुठे मेलीय. ती बसली होती सूर्यफुलाच्या बिया सोलत. म्हटलं, पळावं तर झगा इथेच राहील. मग गेले आपली चालत कोपऱ्यात. तिने टाचणी मारली, मी पुढे नाचले. दुसऱ्या दिवशी पेपरात बघते तर काय, उसासा.”

रिम्माही हसली. आपलं व्याख्यान, ती अकरा माणसं, जिन्यापाशी चौकटीत लावलेला तो तुटका हुक, सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं आणि तिला चहाचा ठसका लागला. ही गंमत मार्क सोलोमोनोविचांना सांगायलाच हवी, असंही तिच्या मनात आलं. “आणि मग तुम्ही ते तसंच ठेवलंत,” ती डोळे पुसत म्हणाली.

“मी कशाला ठेवू? हुक शिवून घेतला. पुढच्या प्रयोगाला आठच्या आठ. आठच गिरक्या आहेत त्यात, संगीत कधी ऐकलं नाहीस का?”

रिम्माचं हसू अर्ध्यावरच राहिलं. “मग मला चार का शिकवल्यात?”

“जाम घे.”

“अग्निया ल्वोव्हना, मला चार का शिकवल्यात?”

म्हातारीने एक पत्ता उचलला, पाहिला आणि परत ठेवला. “आठच शिकवत होते. तीन महिने. पाचवीला तू रोज पडायचीस. एकदा तर बुटांना राळ चोळायच्या पेटीत जाऊन बसलीस. दोघी मुली बाळंतपणाला गेलेल्या, तिसरीचा घोटा मोडलेला, राजकन्या करायला दुसरं कुणी नव्हतं. म्हटलं, हिला चौथीनंतर कुठेतरी उभं करायला हवं. मग तो हुक आठवला.”

“तुम्ही म्हणालात ही परंपरा आहे.”

“परंपरा म्हटलं म्हणून जीव ओतून केलंस. तुला जमत नाही असं म्हटलं असतं, तर केलं असतंस?”

रिम्माने जामच्या वाटीत नुसता चमचा फिरवला.

“आणि वाईट नव्हतं गं,” म्हातारी जरा मऊ आवाजात म्हणाली. “मी स्वतः दोनदा रडले.”

रिम्मा चार मजले उतरली. दुसऱ्या मजल्यापर्यंत तिला राग आला होता आणि पहिल्यावर लाज वाटली. रस्त्यावर आल्यावर तिला सगळं आठवलं. राळेच्या पेटीत बसल्याचं तिला नेहमीच आठवत होतं, फक्त इतकी वर्षं ती ते दुसऱ्या कुणाची तरी फजिती म्हणून सांगत आली होती. एका दमडीचं नाणं घेऊन आपण आयुष्यभर खजिना राखणाऱ्या नागासारखे बसलो, असं तिला वाटलं. मग तिला हेही वाटलं, आणि याचीच तिला पुढे सर्वात जास्त शरम वाटली, की ही गोष्ट जगात दोघींनाच ठाऊक आहे, आणि त्यांतली एक त्र्याऐंशी वर्षांची आहे.

तीन दिवस ती कुणालाही काही बोलली नाही. तासाला उसासाच घोटत राहिली. उस्तिन्या पडत राहिली. मार्क सोलोमोनोविच दोन ठोके हवेत धरून छताकडे बघत राहिले.

शुक्रवारी ती वेळेआधी आली. लाकडी जमिनीवर झारीने पाणी शिंपडलं होतं, पाय घसरू नये म्हणून आमच्याकडे शिंपडतात तसं. दार अर्धवट उघडं होतं. आत उस्तिन्या एकटीच होती, पियानो नव्हता. तिने हात उघडले आणि सुरू केलं. एक, दोन, तीन, चार. रिम्माने सवयीने छाती भरून घेतली. उस्तिन्याने पाचवी घेतली. सहावी. सातवीला जरा पुढे सरकली, आठवीला सावरली आणि उभी राहिली. पोरीच्या चेहऱ्यावर कलेचा मागमूस नव्हता, नुसती खुशी होती.

रिम्माला हेवा वाटला. चांगला सणसणीत, पोटात दुखावं असा. ती दाराशी उभी राहून तो हेवा जायची वाट बघत राहिली. तो काही गेला नाही, तेव्हा ती त्याला घेऊनच आत आली.

“आठ कर,” ती म्हणाली. “उसासा नको.”

“पण बाई, परंपरा…”

“मी सांगतेय ना.”

उस्तिन्याचा विश्वास बसेना. “मग तुम्ही एकदा करून दाखवा ना. सातवीला काय चुकतंय ते कळेल.”

इथे खरं सांगायची संधी होती. रिम्माने ती सोडली. “गुडघा,” ती म्हणाली आणि चांगल्या गुडघ्यावर हात ठेवून तोंड वाकडं केलं. तो अभिनय मात्र बाल्कनीपर्यंत पोचला असता.

आता दाखवायची सोय राहिली नाही. गुडघा दुखतो म्हटल्यावर उभंही राहता येईना. रिम्मा खुर्ची घेऊन बसली आणि दीड वर्षात पहिल्यांदाच तिने तासाला आरशाकडे पाठ केली. समोर एक मुलगी होती. ती मुलगी सातवीला पुढे सरकत होती, आणि का सरकते ते रिम्माला ठाऊक नव्हतं, कारण सातवीपर्यंत ती स्वतः कधी पोचलीच नव्हती. पहिले चार दिवस ती नुसती बघत होती. पाचव्या दिवशी तिला दिसलं की सहावीला पोरीचा उजवा खांदा वर येतो. तिने मार्क सोलोमोनोविचांच्या खिशातलं वर्तमानपत्र मागून घेतलं, घडी घातली आणि उस्तिन्याच्या बगलेत दिलं. “हे पडू द्यायचं नाही.”

पेपर तेवीस वेळा पडला. चोविसाव्यांदा पडला नाही, आणि उस्तिन्या आठवीनंतर होती त्याच जागेवर उभी राहिली.

“रिम्मा गेर्मानोव्हना,” मार्क सोलोमोनोविच हळूच म्हणाले, “तुम्ही पाच दिवस बसून आहात. बरं नाही का?”

“वाजवा तुम्ही.”

परीक्षा शाळेच्या मोठ्या दालनात सकाळी दहाला होती. हिरवं कापड घातलेल्या लांब टेबलामागे पाच परीक्षक. मधोमध मुख्य परीक्षक एलेओनोरा बोरिसोव्हना. त्या स्वतः एके काळच्या नर्तिका, आणि सोळा वर्षं बाल्कनीच्या पहिल्या रांगेत रुमाल घेऊन बसणाऱ्या. रिम्मा पियानोशेजारी उभी होती. स्वतःच्या कुठल्याही प्रयोगाआधी ती इतकी घाबरली नव्हती.

उस्तिन्या आली आणि नाचली. चार गिरक्या झाल्या तसा एलेओनोरा बोरिसोव्हनांचा हात पर्सकडे गेला. पाचवी झाली तसा तो तिथेच राहिला. आठ झाल्या. नृत्य संपलं, उस्तिन्याने वाकून नमस्कार केला आणि दम खात उभी राहिली. एक परीक्षक टाळी वाजवणार होता, पण बाईंचा चेहरा बघून थांबला.

“उसासा कुठे आहे?” एलेओनोरा बोरिसोव्हनांनी विचारलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मूळ नृत्य कुणी बदललं? मुली, तुला आठ गिरक्या मिरवायच्या होत्या का? ही सर्कस नाही. नमुन्याबरहुकूम नाचली नाही, तर नियमाप्रमाणे मला तीनच्या वर देता येत नाहीत.”

उस्तिन्याने रिम्माकडे बघितलं. ती काही मागत नव्हती. आता तुम्ही सांगाल, एवढंच तिच्या डोळ्यांत होतं, आणि त्या भरवशाने रिम्माची जास्तच पंचाईत झाली. तिच्याजवळ दोन बरी उत्तरं तयार होती. पोरीने आपल्या मनाने केलं, हे एक. मी मुद्दाम नवा प्रयोग केला, हे दुसरं. दोन्हींत उसासा शाबूत राहत होता, आणि दोन्हींत पोरीला तीनच मिळत होते.

“मूळ आता नाचलं गेलं,” रिम्मा म्हणाली. आवाज फाटला, म्हणून तिने तेच पुन्हा म्हटलं. “मूळ हेच आहे. आठ. अग्निया ल्वोव्हना आठच करायच्या, त्यांना विचारून घ्या. एकदाच चार झाल्या, त्या दिवशी त्यांच्या झग्याचा हुक तुटला होता. मला पाचवी कधी जमली नाही. तीन महिने पडत होते. म्हणून त्यांनी मला तिथे थांबायला जागा करून दिली. उसासा माझ्यासाठी ठेवलेला होता, राजकन्येसाठी नव्हे. आणि उस्तिन्या, माझा गुडघा ठणठणीत आहे.”

मार्क सोलोमोनोविच पियानोच्या पट्ट्यांकडे बघत होते. टेबलामागे कुणीतरी खोकलं.

“मी त्या उसाशाला रडायचे,” एलेओनोरा बोरिसोव्हना म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. कुणीतरी घरातली वस्तू उचलून नेल्यासारखं त्या बोलत होत्या. “दर वेळी रडायचे, रिम्मा गेर्मानोव्हना. सोळा वर्षं.”

“माहीत आहे. मला रुमाल दिसायचे.”

मग एलेओनोरा बोरिसोव्हनांनी पर्स मिटली. “आणि तुम्ही स्वतः आठ कधीच केल्या नाहीत?”

“एकदाही नाही.”

“मग हिला कशा शिकवल्यात?”

रिम्माने विचार केला. व्याख्यान देण्यासारखं काही सुचलं नाही.

“शिकवल्या नाहीत,” ती म्हणाली. “तिला येत होत्या. मी मधे उभी होते, ती बाजूला झाले.”

एलेओनोरा बोरिसोव्हनांनी चष्मा लावला, समोरच्या कागदावर पाच लिहिले आणि पुढच्या मुलीचं नाव पुकारलं.